विश्लेषण : गेल्या वर्षीचा विद्यार्थी यंदा प्रयोगशाळेत सहायक... अमेरिकेतील ‘अंडरग्रॅज्युएट टीए’ची नोकरी नेमकी काय असते?

अमेरिकेतील विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गॉगल लावून टेबलाटेबलांमधून फिरणारी आणि ‘ब्युरेटचे रीडिंग पुन्हा घे’ असे सांगणारी व्यक्ती प्राध्यापक असेलच असे नाही. अनेकदा ती वर्षभरापूर्वी याच टेबलावर हाच प्रयोग केलेली विद्यार्थिनी असते. पदवी पूर्ण होण्याआधीच अध्यापनात हातभार लावणाऱ्या या विद्यार्थ्यांना ‘अंडरग्रॅज्युएट टीचिंग असिस्टंट’ म्हणतात. या व्यवस्थेचे फायदे मोठे आहेत, तसेच तिच्यावरून वादही झाले आहेत.

रसायनशास्त्रातच गरज का?

‘जनरल केमिस्ट्री’ हा तिथे केवळ रसायनशास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्यांचा विषय नाही. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारे, जीवशास्त्र, नर्सिंग आणि अभियांत्रिकीच्या अनेक शाखांचे विद्यार्थी याच वर्गातून पुढे जातात. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांत एका व्याख्यानाला शेकडो विद्यार्थी बसतात. प्रयोगशाळेत मात्र इतक्या जणांना एकत्र सोडता येत नाही. काच, आम्ल आणि ज्योत यांच्याशी काम असल्याने तुकड्या लहान ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक तुकडीवर लक्ष ठेवणारे कुणीतरी लागते. संशोधन विद्यापीठांत हे काम प्रामुख्याने पीएचडी करणारे विद्यार्थी करतात. ज्या महाविद्यालयांत पीएचडीचा अभ्यासक्रमच नाही, तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांचाच आधार घेतला जातो.

काम काय असते?

कामाचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला प्रयोगशाळेचा : द्रावणे आणि साहित्य जागेवर आहे का पाहणे, गॉगल न घातलेल्याला हटकणे, आम्लात पाणी ओतायला निघालेल्याचा हात वेळीच थांबवणे. दुसरा प्रकार शंकानिरसनाच्या तासांचा. तिसरा तपासणीचा : ठरवून दिलेल्या निकषांनुसार गृहपाठ आणि प्रयोगाचे अहवाल तपासणे.

या पदासाठी तो अभ्यासक्रम आधी चांगल्या श्रेणीने पूर्ण केलेला असावा, ही सर्वसाधारण अट असते. पण चांगले गुण पुरेसे नसतात. टायट्रेशनमध्ये द्रावण गडद गुलाबी झाले, म्हणजे एण्ड पॉइंट मागे गेला, हे चांगल्या सहायकाला लांबूनही दिसते. तरीही तो ‘चुकले’ म्हणत नाही. ‘रंग पहिल्यांदा टिकला तेव्हा रीडिंग किती होते?’ असे विचारतो.

हा विचार आला कुठून?

दोन प्रयोग विशेष गाजले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्राच्या वर्गासाठी ‘पीअर-लेड टीम लर्निंग’ ही पद्धत आकाराला आली. सहा ते आठ विद्यार्थ्यांचा गट आणि आधी तो विषय उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी-नेता दर आठवड्याला एकत्र बसून उदाहरणे सोडवतात. उत्तरांची यादी दिली जात नाही. उत्तर बरोबर का आहे, हे गटानेच एकमेकांना पटवून द्यायचे असते.

दुसरा प्रयोग कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर संकुलात २००३ मध्ये सुरू झालेला ‘लर्निंग असिस्टंट’ उपक्रम. यातील सहायक दर आठवड्याला प्राध्यापकांसोबत तयारी करतात आणि अध्यापनशास्त्राचा एक स्वतंत्र अभ्यासक्रमही घेतात. हुशार विद्यार्थ्यांनी शालेय विज्ञान शिक्षकाच्या पेशाकडे वळावे, हाही त्यामागचा एक हेतू होता.

फायदा होतो का?

मोल किंवा लिमिटिंग रिएजंट ही संकल्पना प्राध्यापकांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती कुठे अडते, हेच त्यांना आठवत नाही. वर्षभरापूर्वी तिथेच अडलेल्याला ते नेमके आठवते. शिवाय ‘हे इतकेही येत नाही का’ या भीतीने प्राध्यापकांना न विचारलेला प्रश्न समवयस्काला विचारता येतो. कोलोरॅडोच्या उपक्रमावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहायकांची मदत मिळालेल्या विद्यार्थ्यांचे विज्ञानाच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत नापास होण्याचे प्रमाण कमी असल्याचे दिसले. शिकवणाऱ्याचाही लाभ होतो, कारण दुसऱ्याला समजावताना स्वतःच्या समजुतीतील भोके उघडी पडतात.

मोबदला किती?

एकच दर नाही. काही ठिकाणी तासाप्रमाणे वेतन मिळते, काही ठिकाणी पैशांऐवजी श्रेयांक. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे. अनेक राज्यांचे दर त्याहून जास्त आहेत. श्रेयांकाच्या पर्यायात मात्र एक मेख आहे. जिथे शुल्क श्रेयांकानुसार आकारले जाते, तिथे सहायकाला काम करण्यासाठी स्वतःच पैसे भरावे लागू शकतात.

वाद कशावरून?

हा विद्यार्थी शिकतो आहे की नोकरी करतो आहे, हा कळीचा प्रश्न. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने खासगी विद्यापीठांतील विद्यार्थी सहायक हे कर्मचारीही आहेत, असा निर्णय दिला. त्यात पदवीचे विद्यार्थीही आले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलातील प्रकरण संगणकशास्त्राशी संबंधित होते, पण धडा सर्वांना लागू आहे. तिथे आठवड्याला १० तास काम करणाऱ्या सहायकाला शुल्कमाफीचा हक्क मिळत होता. अनेक पदवी विद्यार्थ्यांच्या नेमणुका मात्र आठ तासांच्याच करण्यात आल्या. संघटनेने दाद मागितली आणि २०२० मध्ये लवादाने विद्यापीठाच्या विरोधात निकाल दिला. भरपाईचा आकडा सुमारे ५० लाख डॉलरच्या घरात गेला.

दुसरा प्रश्न गुणांचा. आपल्याच वसतिगृहातील मित्राचा अहवाल तपासणे अवघड असते. १९७४च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना गोपनीयता दिली असल्याने, सहायकाच्या हाती आलेल्या गुणांची बाहेर चर्चा करता येत नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना संकुलात आठवड्याला कमाल २० तास काम करता येते. त्यासाठी वेगळा कामाचा परवाना लागत नाही. ग्रंथालय आणि भोजनगृहातील तासही याच २० मध्ये धरले जातात. ‘फेडरल वर्क-स्टडी’ या सरकारी मदतीच्या योजनेसाठी परदेशी विद्यार्थी पात्र नसतात. त्यामुळे जाहिरातीत ही अट आहे का, ते आधी वाचावे. आणि वर्षभराचे शुल्क या कमाईतून निघेल, असे गणित मांडू नये.

आपल्याकडे हे शक्य आहे का?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजवलेला ‘कमवा आणि शिका’ हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मात्र या योजनेतील मुले प्रामुख्याने ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काम करताना दिसतात. त्यांच्यातील चांगल्या विद्यार्थ्याला प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये सहायक म्हणून उभे केले, तर त्याला पैसे मिळतील आणि जर्नल उतरवून काढणाऱ्या नवख्यांना प्रश्न विचारायला माणूस मिळेल.

धोकाही इथेच आहे. प्राध्यापकांची पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर वर्ग चालवण्याची सवय जडलेल्या व्यवस्थेला विद्यार्थी सहायक म्हणजे आणखी स्वस्त पर्याय वाटू शकतो. म्हणून प्रशिक्षण, ठरलेले तास, रोख मोबदला आणि प्रयोगशाळेत जबाबदार शिक्षकाची हजेरी या चार अटी आधी हव्यात. सहायक हा शिक्षकाच्या जोडीला असावा. त्याला शिक्षकाच्या जागी बसवले, तर शिकणाऱ्याचे नुकसान होईल आणि शिकवणाऱ्या मुलाचेही.