मोत्याचे पान

वार्षिक अंकासाठी लेख लिहिते आहे असे कळल्यावर एका मैत्रिणीने विषय विचारला. "कुत्र्याचा आहार," मी म्हणाले. ती हसून म्हणाली, "माणसांच्या पोटाचे प्रश्न संपले वाटते!" टोमणा रास्त आहे, ते प्रश्न संपलेले नाहीत. पण ज्या मुक्या जिवाला आपण हौसेने दारात बांधतो, त्याला साखळीच्या टप्प्यापलीकडे जाऊन आपले अन्न शोधता येत नाही. त्याचे पान आपणच वाढतो. मग ते कसे वाढावे याचा विचार आपण नाही तर कोणी करायचा?

गेल्या वर्षी मोत्या आमच्या घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. आमच्या गल्लीत कुत्र्याचे जेवण म्हणजे दूध-भाकरी आणि उरलेसुरले. मी मात्र पडले कॉलेजकन्यका! मोबाइलवर चार-दोन व्हिडिओ पाहिले आणि 'कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याला कच्चे मांसच हवे' हा सिद्धान्त मला एकदम पटला. आजी म्हणाली, "अगं, थोडी भाकरी कुस्कर त्यात." मी तिला मनातल्या मनात अडाणी ठरवले. हाड घशात अडकेल म्हणून कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे आणायचे आणि तेवढेच त्याला घालायचे, असा क्रम दोन महिने चालला. मोत्या गुटगुटीत दिसू लागला आणि एके दिवशी त्याला पायरी चढवेना. पुढचे पाय धनुकलीसारखे वाकले. हात लावला की कळवळायचा.

दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो उजेडासमोर धरला आणि विचारले, "खायला काय घालता?" मी अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "मांस घातलेत, शिकार नाही घातली."

लांडगा शिकार खातो म्हणजे काय खातो? मांसाबरोबर हाडे, कलेजी, गुर्दा, कातडी, सारेच. दुकानातल्या पिशवीतले मांस म्हणजे त्या शिकारीचा एक तुकडा. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीत फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम. कुत्र्याच्या आहारात मात्र कॅल्शियम हे फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक लागते. ते अन्नातून मिळाले नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेते. वाढत्या पिल्लाची हाडे मग पातळ होतात, वाकतात, मोडतातही.

कच्च्या आहाराचा आधुनिक पुरस्कार करणारे ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचे पुस्तक १९९३ साली निघाले. त्याचे नाव 'गिव्ह युवर डॉग अ बोन'. नावातच हाड आहे. मी नेमके तेवढेच वगळले! या पंथातले जाणकार साधारण ८० टक्के मांस, १० टक्के खाता येण्याजोगे कच्चे हाड आणि १० टक्के कलेजी, गुर्दा यांसारखे अवयव असे माप सांगतात. या मापातही जस्त, मँगनीज, आयोडीन, ई जीवनसत्त्व कमी पडू शकते. उलट कलेजी भारंभार घातली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. शिजवलेले हाड तर घालूच नये. त्याच्या अणकुचीदार ढलप्या निघून आतडे फाटू शकते.

आणि लांडग्याचे म्हणाल, तर २०१३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र ४ ते ३०. माणसाच्या उंबरठ्यावर हजारो वर्षे राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला आहे. आजी अडाणी नव्हती. अर्थात नुसती दूध-भाकरीही अपुरीच. तिने पोट भरते, पोषण होत नाही.

आणखी एक गोष्ट. कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि ते फ्रिजमध्ये गोठवून मरत नाहीत. ज्या विळीवर मांस कापायचे तिच्यावरच कोथिंबीर चिरायची, ज्या कुत्र्याने ते खाल्ले त्याने धाकट्या भावाचे तोंड चाटायचे, हे आपल्या दोन खोल्यांच्या घरात सहज घडते. शेळ्या-मेंढ्यांची रोगट कलेजी वा फुप्फुसे कच्ची खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून एका फीतकृमीची अंडी पसरतात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ साली कच्च्या मांसाहाराविरुद्ध सल्ला दिला, तो याच कारणांनी.

कच्चे घालणारे सारेच चुकतात असे मी म्हणत नाही. वजनकाटा, स्वच्छता, जाणत्याचा सल्ला आणि खर्चाची तयारी असेल त्याने खुशाल घालावे. पण 'कच्चे की शिजवलेले' हा वाद माझ्या मते दुय्यम आहे. 'समतोल' हा शब्द महत्त्वाचा, आणि आपण नेमका तोच गाळून वाचतो. निसर्गाचे नाव घेतले की हिशेब ठेवायला नको, अशी आपली सोयीची समजूत असते.

आता मोत्याला शिजवलेली कोंबडी, भात किंवा भाकरी, लाल भोपळा, थोडी कलेजी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने अंड्याच्या टरफलाची पूड मिळते. कांदा-लसूण नाही, कारण ते त्याच्या रक्ताला बाधतात. तो पुन्हा जिना चढतो. डावा पाय मात्र किंचित वाकडा राहिला आहे, आणि तो आता तसाच राहणार.

मित्रहो, हौस माझी होती, अर्धवट ज्ञानही माझेच. पाय मात्र त्याचा वाकला. घरी पिल्लू आणण्याआधी एवढे जरूर आठवा. आणि आजी काही सांगत असेल, तर तेही ऐकून घ्या.