मूठभर मिठाचा प्रश्न

रविवारची सकाळ. आपल्यापैकी अनेकजण हातात पिशवी घेऊन खाटकाच्या दुकानासमोर उभे असतात. मांडीचे द्या, चापीचे थोडे घाला, कलेजी आहे का, अशी चौकशी चाललेली असते. बोकडाचे मुंडके, पाय, वजडी यांनाही गिऱ्हाईक असते. त्या बोकडाच्या अंगावर एक कातडेही होते, याची आठवण मात्र कुणालाच होत नाही. मलाही कधी झाली नव्हती. मागे एकदा बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी जालन्यातल्या एका ओळखीच्या कातडी-व्यापाऱ्याच्या गोदामावर जाणे झाले, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

गोदामाच्या एका बाजूला मिठाची पोती होती, दुसऱ्या बाजूला कातड्यांची थप्पी. दाराबाहेर मात्र तिसराच ढीग होता. तो विकत घेतलेला नव्हता, नगरपालिकेच्या गाडीची वाट पाहत होता. मी विचारले तेव्हा व्यापारी म्हणाले, "भाव वरून पडतो, ते खरंय. पण अर्धी कातडी आमच्या हातात येण्याआधीच गेलेली असतात." त्यांनी एका कातड्याचे केस चिमटीत धरून ओढले. केस अलगद हातात आले. "हे झालं, की कातडं संपलं."

कातडे जनावराच्या अंगावरून निघाले, की त्याच्यावर जंतूंचे काम सुरू होते. थंडीत थोडी सवड मिळते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काही तासांतच ते नासू लागते. उपाय फार जुना आणि साधा आहे. कातडे सोलताना सुरीची खाच पडू द्यायची नाही, कारण एका खाचेने अख्ख्या कातड्याची प्रत उतरते. मांस-चरबीचे तुकडे काढायचे, रक्त धुवायचे, पाणी निथळू द्यायचे आणि लगेच आतल्या बाजूला मीठ चोळायचे. मिठाचे प्रमाण कातड्याच्या वजनाच्या तीस-चाळीस टक्के, म्हणजे दोन किलोच्या कातड्याला पाऊण किलोपर्यंत. मग आतली बाजू वर ठेवून, सावलीत, उतार असलेल्या फरशीवर थप्पी लावायची, म्हणजे खारे पाणी निघून जाते. आपण करतो नेमके उलटे. गरम कातडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतो, नाहीतर तापलेल्या पत्र्यावर टाकतो. उन्हात वरचा थर कडक होतो, आत सडणे चालूच राहते.

बाजाराचे म्हणाल तर फार आशेने बोलण्यासारखी स्थिती नाही. राणीपेट-आंबूर, कानपूर, कोलकाता ही देशातली चामडे कमावण्याची मोठी केंद्रे. तिथे सर्दी झाली, की जालन्यात शिंक येते. गंगेचे प्रदूषण थांबवण्यासाठी 2019 च्या कुंभमेळ्याच्या वेळी कानपूरचे कारखाने बंद ठेवण्यात आले. 2020 मध्ये करोना आला. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले. आणि या सगळ्यांहून मोठे कारण आपल्याच पायांत आहे: रबर, रेक्झीन आणि कापडी बूट.

त्यात पंचांगाचीही भर आहे. 2019 साली बकरी ईद 12 ऑगस्टला होती, 2025 साली 7 जूनला. चांद्र वर्षामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. म्हणजे पुढची काही वर्षे ती मे आणि एप्रिलमध्येच पडणार. वर्षातली सर्वांत जास्त कातडी एका दिवसात निघणार, आणि तीही आपल्याकडच्या सर्वांत कडक उन्हात. पावसाळी ईदेत दुपारपर्यंत चालून गेलेली दिरंगाई आता चालणार नाही.

कुणी म्हणेल, संपू द्या हा धंदा. जगात जनावरांच्या कातड्यांचा व्यापार उतरणीलाच लागला आहे. केसाळ कातड्यांच्या बाबतीत ते खरे आहे. उत्तर अमेरिकेतल्या सापळेकऱ्यांचा माल विकणारी मोठी लिलाव संस्था 2019 साली डबघाईला आली. 2020 मध्ये करोनाच्या भीतीने डेन्मार्कने कोट्यवधी मिंक मारून टाकले. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानातल्या जनावरांच्या कातड्याचा व्यवहार थांबवला, आणि ते योग्यच झाले. पण तिथे जनावर कातड्यासाठी मारले जाई. आपला बोकड कापला जातो तो मटणासाठी. त्याचे कातडे कमावले नाही म्हणून एकही बोकड वाचत नाही. फक्त एक नाला जास्त तुंबतो.

आणि कातड्यावाचून आपले फार दिवस चालले नव्हते, हेही आठवावे. विहिरीवरची मोट कातड्याची होती, भिस्त्याची पखाल कातड्याची होती. मिरवणुकीतली हलगी आणि खंडोबाच्या जागरणातली दिमडी कातड्यावरच वाजली. ते कमावण्यासाठी लागणारी बाभळीची आणि तरवडाची साल आपल्याच माळरानावरची. दसऱ्याच्या सुमारास पिवळ्याधमक फुलांनी लगडलेला तरवड आपण पाहतो, पण चामड्याशी त्याचे नाते आता म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहे.

मात्र जुन्या दिवसांचे गोडवे गाताना जीभ अडखळली पाहिजे. हे काम ज्यांच्यावर जन्माने लादले गेले, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले आणि त्यांनीच केलेल्या वहाणा घालून गाव देवळात गेले. महाडच्या 1927 च्या लढ्याच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढणे सोडून द्या, असे सांगितले, ते याच अपमानाविरुद्ध होते. नवी पिढी या कामातून बाहेर पडली असेल, तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेली जनावरे स्वतःच्या हाताने सोलली, कारण त्यांना काम टाकायचे नव्हते, कामाला चिकटलेली जात काढायची होती. ते काम अजून अपुरेच आहे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. ईदेच्या आणि आखाडाच्या आधी नगरपालिकेने, मोठ्या ग्रामपंचायतींनी सावलीची जागा, पाणी आणि मीठ यांची सोय करावी. सोलणाऱ्यांना हातमोजे, गमबूट आणि दोन दिवसांचे शिक्षण मिळावे. व्यापाऱ्यांनी सरसकट भाव न देता प्रतीप्रमाणे द्यावा. बिनखाचेच्या कातड्याला चार पैसे जास्त मिळाले, तर सुरी आपोआप जपून चालेल. चर्मोद्योगासाठी राज्यात 1974 पासून संत रोहिदासांच्या नावाचे महामंडळ आहे. त्याने कोल्हापुरी चपलेबरोबर जालन्याच्या कच्च्या कातड्याकडेही पाहावे. आणि ज्यांच्या घरी कुर्बानी होते, त्यांनी मटणाचे वाटे घालण्याआधी कातड्याला मीठ लावावे. हे कातडे बहुधा मदरशाला किंवा गरिबाला दान जाते. नासलेले दान घेणाऱ्याच्या कामाचे नाही.

भाव आपल्या हातात नाही, हे मान्य. मिठालाही पैसे पडतात, आणि पडलेल्या भावात तेवढेही सुटतील की नाही, ही धास्ती खोटी नाही. म्हणूनच पहिल्या दिवसाच्या मिठाचा भार एकट्या गरिबावर टाकू नये.

परवा मी आमच्या खाटकाला विचारले, "कातडं कुठं जातं हो?" त्याने सुरी थांबवून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत हे विचारणारे पहिलेच गिऱ्हाईक मी, असे तो म्हणाला. आज आपणही विचारून पाहा.