विश्लेषण : पिकाची ‘लस’ रोग आल्यावर चालते का?

पावसाची झड लागली की नेर तालुक्यात सोयाबीनवर शेंगकरप्याची धास्ती असते, हिवाळ्याच्या तोंडाशी कपाशीवर दहियाची. रोगट पान घेऊन शेतकरी कृषी केंद्र गाठतो आणि बुरशीनाशकासोबत ‘पिकाची प्रतिकारशक्ती वाढवणारी’ बाटलीही घेऊन येतो. या कल्पनेमागचे विज्ञान खरे आहे. पण तोवर तिची वेळ टळलेली असते.

झाड स्वतःला कसे वाचवते?

रोगजंतू एका पानात शिरला की तिथे सॅलिसिलिक आम्ल वाढते आणि इतर पानांनाही इशारा जातो. पेशींच्या भिंती जाड होतात, बुरशीचे कवच विरघळवणारी कायटिनेजसारखी विकरे तयार होतात. ए. एफ. रॉस यांनी १९६१ मध्ये तंबाखूवर विषाणू सोडून ही सावधगिरी दाखवून दिली. १९७९ मध्ये आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचूनही ती जागी केली. बुरशीविरुद्धही तीच उपयोगी पडते.

अशी औषधे आहेत का?

आहेत. जपानमध्ये भाताच्या करप्यासाठी प्रोबेनाझोल १९७०च्या दशकापासून वापरात आहे. युरोपात गव्हाच्या भुरीसाठी १९९६ मध्ये ॲसिबेन्झोलार-एस-मिथाइल आले. त्यांचे मुख्य काम बुरशी मारणे नव्हे, झाडाला सावध करणे.

मग अडचण कुठे?

सावध व्हायला झाडाला काही दिवस लागतात आणि संरक्षण पूर्ण मिळत नाही. आलेला रोग त्याने बरा होत नाही. गरज नसताना वारंवार फवारले तर झाडाची ताकद बचावातच खर्च होते, उत्पादन घटू शकते.

शेतकऱ्याने काय करावे?

‘टॉनिक’ म्हणून विकली जाणारी जैवउत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यांच्या व्याख्येतून कीडनाशके वगळलेली आहेत. म्हणजे रोगनियंत्रण हे त्यांचे काम नाही. विक्रेत्याने ते स्पष्ट सांगावे, कृषी विभागाने तपासावे. पेरणीपूर्वी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया हा स्वस्त मार्ग आहे. ही मित्रबुरशी मुळांशी रोगाला अटकाव करते आणि झाडालाही सावध करते.

याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला. पाठीवरचा प्रत्येक जादा पंप खिशाला आणि अंगाला महाग पडतो. म्हणून बाटली घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हे रोग येण्याआधीचे की नंतरचे?