वात, कापूस आणि तंबाखूचा नवा अवतार

तंबाखूने आपल्या देशात जितकी रूपे धारण केली, तितकी दुसऱ्या एखाद्या वनस्पतीने क्वचितच केली असतील. चिलीम, गुडगुडी, विडी, सिगारेट, तपकीर, मशेरी, जर्दा, गुटखा अशी ही मालिका लांबतच आली आहे. तिच्यातील अगदी अलीकडचे रूप म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट, अर्थात व्हेप. तिच्यात पान जळत नाही, राख पडत नाही आणि घरात विडीचा वासही मागे राहत नाही. म्हणूनच ती वडीलधाऱ्यांच्या लक्षात न येता घरात शिरते. या वेळी आम्ही तिच्या एका खास प्रकाराची ओळख करून देणार आहोत. हौशी तरुणांना या प्रकाराचा मोह अधिक पडतो, कारण त्याचा मुख्य भाग तयार विकत न घेता स्वतःच्या हातांनी बांधता येतो.

आमच्या वाचकांपैकी बोथ परिसरातील कुटुंबांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गापासून आत वळल्यावर लागणारा हा आदिलाबाद जिल्ह्याचा मुलूख कापसाचा आणि जंगलाचा. शेजारचे किनवट आणि राजुरा हे तालुकेही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात होते. सीमा बदलली, पण नातीगोती, बाजारहाट आणि बोली बदलली नाही. उन्हाळ्यात येथील जंगलांत तेंदूपाने खुडली जातात, त्यांचे पुडे बांधून वाळवले जातात आणि त्या पानांच्या विड्या पुढे कोठेकोठे पोहोचतात. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या भरतात. विड्या वळणे हा निर्मळ-निजामाबाद भागातील असंख्य स्त्रियांच्या चरितार्थाचा आधार आहे. याच टापूतील पुष्कळ तरुण पोटासाठी आखाती देशांत जातात. सुट्टीत घरी येताना खजूर, अत्तर आणि मोबाइल यांच्याबरोबर हे नवे यंत्रही एखाद्याच्या पिशवीतून येते. घरच्यांना ते टॉर्च वाटते किंवा मोबाइल चार्ज करण्याची डबी वाटते. ते नेमके काय आहे हे ठाऊक असल्याखेरीज त्याविषयी मुलाशी बोलता येत नाही, म्हणून प्रथम यंत्राकडे वळू.

आज जगभर पसरलेल्या विजेच्या सिगारेटचे जनकत्व होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाकडे दिले जाते. त्यांनी ती २००३ साली घडवली. तिचे तत्त्व आपल्या समईहून फार निराळे नाही. समईत तेल असते, त्यात वात बुडवलेली असते आणि वात तेल ओढून वर नेते. व्हेपमध्ये तेलाच्या जागी एक गोडसर पातळ द्रव असतो, वातीच्या जागी कापूस असतो आणि ज्योतीच्या जागी विजेने तापणारे तारेचे वेटोळे असते. या वेटोळ्याला कॉइल म्हणतात. ओला कापूस तापला की द्रवाचे बाष्प होते, ते निवताना सूक्ष्म थेंबांचे धुके बनते आणि झुरका घेणारा ते छातीत ओढतो. पाहणाऱ्याला तो धूर वाटतो, परंतु खरे पाहता ते धुकेच होय.

साध्या व्हेपमध्ये कॉइल कारखान्यातून बंद होऊन येते आणि जुनी झाली की फेकून द्यावी लागते. आम्ही ज्या प्रकाराविषयी लिहीत आहोत, त्यात एक हाताएवढी डबी असते. डबीत एक बॅटरीचा सेल आणि त्याच्या शेजारी सहा ते दहा मिलिलिटर द्रव मावेल अशी मऊ बाटली असते. डबीला ठेवलेल्या भोकातून बाटली बोटाने दाबली की द्रव नळीतून वर चढतो, मधल्या पोकळ खिळ्यातून माथ्यावरच्या वाटीत शिरतो आणि तेथील कापूस भिजवतो. बोट सैल केले की उरलेला द्रव पुन्हा बाटलीत उतरतो. द्रव खालून पुरवला जातो, हेच या प्रकाराचे वैशिष्ट्य. वरून थेंबथेंब टाकण्याचा त्रास त्यामुळे वाचतो.

माथ्यावरच्या वाटीत दोन खांब असतात. हौशी माणूस लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची तार तीन मिलिमीटर जाडीच्या सळईवर पाच-सहा वेढे देऊन गुंडाळतो आणि तिची दोन टोके खांबांत स्क्रूने कसतो. मग वेटोळ्यातून कापसाची वात ओवून तिची टोके वाटीत दाबतो. ज्यांच्या घरी आजी कार्तिकात फुलवाती वळत असे, त्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल. वात घट्ट बसली तर द्रव चढत नाही, सैल बसली तर गळती होते. कापूस कोरडा राहिला आणि तार तापली तर तो करपतो. अशा कोरड्या झुरक्यात फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. एकूण हे काम रेडिओ दुरुस्त करण्याइतके नाजूक आहे आणि त्यात हाताला एक प्रकारचे समाधान मिळते, हे आम्ही नाकारीत नाही. मुलाने घडवलेल्या वस्तूचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या कौतुकाच्या आड दोन धोके दडलेले असतात: एक विजेचा आणि दुसरा द्रवाचा.

विजेचा धोका शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने समजतो. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध अर्धा ओहम असेल, तर तिच्यातून ८.४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे ३५ वॉट उष्णता निर्माण होते. हे चांगल्या सेलला पेलते. तेच वेढे कमी करून रोध ०.१ ओहमवर आणला, तर प्रवाह ४२ अँपिअरवर जातो. बाजारातील चांगले सेलसुद्धा बहुधा २० ते ३० अँपिअरच्या वर सुरक्षित नसतात. काही डब्यांत प्रवाह रोखणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. ज्या डब्या निव्वळ यांत्रिक असतात, त्यांत सेल आणि तार यांच्यामध्ये फक्त एक बटण असते, फ्यूजदेखील नसतो. तारेचे टोक भलत्या जागी टेकले, सेलवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन फाटले किंवा सुटा सेल खिशात नाण्यांबरोबर ठेवला, तर शॉर्ट होऊन सेल पेट घेऊ शकतो किंवा फुटू शकतो. तोंडाशी धरलेल्या वस्तूच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

दुसरा धोका बाटलीतील द्रवाचा. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंध आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. पहिली दोन द्रव्ये औषधांत व खाद्यपदार्थांत वापरली जातात, म्हणून ती छातीत ओढण्यासही निर्धोक आहेत असे पुष्कळांना वाटते. परंतु पोटाला चालणारे फुप्फुसाला चालतेच असे नाही. निकोटिनाविषयी तर कापूस पिकवणाऱ्यांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. निकोटिन सल्फेट हे एकेकाळी पिकांवरील किडी मारण्याचे औषध होते आणि त्याचा वापर आपल्या देशात पुढे बंद करण्यात आला. बाटलीतील द्रव लहान मुलाच्या पोटात गेला किंवा हातावर सांडला, तर विषबाधा होऊ शकते. फळांचा गोड वास तर मुलाला बाटलीकडेच ओढतो.

यावर तरुण मंडळी एक उत्तर देतात, आणि ते निखालस खोटे नाही. विडी-सिगारेटमध्ये पान व तंबाखू जळतात. त्या जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघते. व्हेपमध्ये ज्वलन नसल्यामुळे ही द्रव्ये पुष्कळ कमी असतात. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेपचा पर्याय सुचवते. मात्र तीच आरोग्यसेवा, जे धूम्रपान करीत नाहीत त्यांनी व मुलांनी व्हेपला हात लावू नये, असेही बजावते. आणि एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदी घातली आहे. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा एक गंभीर विकार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याने २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा मृत्यू पावले, त्यांपैकी मृत्यू ६८ होते. या प्रकरणाचा मुख्य संबंध गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका संयुगाशी आढळला. ते द्रव्य सर्वच बाटल्यांत असते असे नव्हे; परंतु बाटलीत नक्की काय आहे हे ओढणाऱ्याला पाहून कळत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

आता कायद्याकडे येऊ. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. त्यानुसार विजेच्या सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात या सर्वांस मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही आहेत. द्रवात निकोटिन असो वा नसो, कायद्याच्या व्याख्येत दोन्ही यंत्रे बसतात. म्हणून “बिननिकोटिनचे आहे” किंवा “सुटे भाग आणून घरीच बांधले” ही सबब भरवशाची नाही. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून व्हेपच्या विक्रीस परवानगी आहे, तर कतार आणि सिंगापूर येथे बंदी आहे. दुबईच्या दुकानात उघडपणे मिळालेली वस्तू दोहा किंवा हैदराबादच्या विमानतळावर अडचणीत आणू शकते, हे परदेशी नोकरी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तेथे एका चुकीने नोकरीवर पाणी सोडावे लागते आणि मागे घरावर कर्ज उरते.

तंबाखू आणि बंदी यांची गाठ आपल्या दख्खनला नवी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा मोगल वकील विजापुराहून अकबराच्या दरबारी तंबाखू व जडावाचा हुक्का घेऊन गेला. वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात या वस्तूचा उल्लेख नाही, असा आक्षेप तेव्हा बादशहाच्या हकिमाने घेतला. असद बेगाने नवलाईची बाजू मांडली. नवलाई जिंकली. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाई केली, तोवर ती सवय लोकांत मुरली होती. सवय मुरण्यापूर्वीच तिला अडवावे, हाच विचार २०१९ च्या कायद्यामागे सांगितला गेला.

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. विडी पानपट्टीवर मिळते, सिगारेट मिळते. मग व्हेपच तेवढी वाईट कशी? भारतात तंबाखूमुळे दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसे दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हे मरण बव्हंशी जुन्याच रूपांनी आणले आहे. हा विसंवाद आम्हांला मान्य आहे. विडीच्या मागे पाने खुडणाऱ्यांचे आणि विड्या वळणाऱ्यांचे पोट आहे, म्हणून तो प्रश्न एका फटक्यात सुटत नाही. परंतु विडी वाईट आहे यावरून व्हेप चांगली ठरत नाही. ज्याने विडी कधी ओढली नाही, त्याला व्हेपने काहीच वाचवले नाही. त्याच्या पदरात एक नवे बंधन मात्र पडले.

आणि तेच आमच्या मते या विषयाचे सार आहे. यंत्र खोलता येते, तार बदलता येते, वात नवी घालता येते. निकोटिनाची ओढ अशी स्क्रू सैल करून काढून ठेवता येत नाही. हौशी तरुण यंत्राचा मालक होतो, पण बाटली संपत आली की अस्वस्थ तोच होतो. ज्याला हाताने काही बांधण्याची आवड आहे, त्याच्यासाठी घरातील पंखा, पाण्याची मोटार आणि रेडिओ पुष्कळ आहेत. ज्या देशात कायद्याची आडकाठी नाही, तेथे एखादा जुना धूम्रपानी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हेपकडे वळणारच असेल, तर त्यानेही हाताने बांधायच्या यांत्रिक डबीपासून सुरुवात करू नये; तिच्यात चुकीला क्षमा नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती अशी की पिशवीत असे यंत्र सापडल्यास प्रथम आरडाओरड करू नये. सेल काढून वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा, बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, आणि मग मुलाला शांतपणे विचारावे की यापूर्वी तू विडी-सिगारेट ओढत होतास काय. “होय” असे उत्तर आले, तर तो सोडवण्याच्या वाटेवर आहे असे समजून त्याला आधार द्यावा. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, सरकारी रुग्णालयांतही सल्ला मिळतो. “नाही” असे उत्तर आले, तर सवय अजून कोवळी आहे आणि बोलण्याची वेळ हीच आहे. मात्र स्वतः अंगणात विडी पेटवून मुलाला व्हेपवर उपदेश करणाऱ्या पित्याचे शब्द फार दूर जात नाहीत. त्या घरात सोडण्याचा आरंभ दोघांनी एकाच दिवशी केलेला बरा.