हिरवळीचं बुडीत खातं

पोफळीच्या बंगल्यांपुढे हिरवळ दिसली की माझ्यातला बँकेचा कारकून जागा होतो. खर्ची पाणी, खत, कापणी, जमेला शून्य! कोयनेचं पाणी १९६२ सालापासून इथे वीज करून वाशिष्ठीवाटे समुद्राला मिळतंय. पण चिपळूण तालुक्यातल्या कित्येक वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात. आणि आपण पाइप सोडायचा तो गवतावर! गवत तरी कुठलं? शेतात उपटून फेकतो ती हरळी. गणपतीला एकवीस वाहिल्या की त्या दूर्वा, नर्सरीवाल्यानं बिल फाडलं की लॉन!

हल्लीचे शहाणे म्हणतात, सुगंधी थाइम पसरा. अहो, भूमध्य समुद्राकाठची ती कोरड्या हवेची लेक. आमच्या आषाढात कुजून जाईल. वासच हवा ना? मग पानओवा लावा. पाणी निथळणाऱ्या उतारावर फांदी खोचा, आपोआप पसरतो. त्यावर चालता येत नाही, कबूल; पण हिरवळीवर तरी कोण चालू देतं? तिथे पाटीच असते! शिवाय पानओव्याची भजी होतात. हरळीची करून दाखवा, मी अर्ज मागे घेतो.