माझं कॅरेक्टर असंच वागतं!

गल्लीतल्या क्रिकेटला एक न लिहिलेला नियम होता. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. आणि तो क्लीन बोल्ड झाला तरी "ट्रायल बॉल होता" म्हणून पुन्हा उभा राहायचा. आपण गप्प बसायचो, कारण तो बॅट घेऊन घरी गेला तर सगळ्यांचीच संध्याकाळ बोंबलली. अठ्ठाविसाव्या वर्षी, पगार-बिगार मिळवायला लागल्यावर, मी पुन्हा याच पेचात सापडेन असं वाटलं नव्हतं.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. आम्ही पाच जण दर शनिवारी संध्याकाळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली काढलेला हा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने डीएम म्हणजे डंजन मास्टर होऊन गोष्ट पुढे न्यायची, आणि पात्राला काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. डीएम मी. (आई विचारते, "चार तास नक्की करता काय रे तुम्ही?" मी सांगतो, "गप्पा मारतो." तेवढ्यावर भागतं.)

आमच्यातला एक जण, आपण त्याला बंड्या म्हणू, 'रोग' खेळतो. रोग म्हणजे आजार नव्हे, इंग्रजीतला रोग, भुरटा चोर. पुढचं वाचून कुठला अर्थ घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. खेळ चालतो बंड्याच्या फ्लॅटवर, नियमांची जाडजूड पुस्तकंही त्याचीच. म्हणजे बॅट त्याची.

बंड्या चोरी करतो याला माझी हरकत नाही, चोराने चोरीच करायची. पण तो आपल्याच टोळीतल्यांचे खिसे कापतो. दुकानदाराशी वाटाघाटी चालू असताना मधेच त्याला भोसकतो. कोणी काही बोललं की ठरलेलं उत्तर : "मी काय करू? माझं कॅरेक्टर असंच वागतं!" जणू ते कॅरेक्टर म्युन्सिपालटीने नेमून दिलंय. अरे बाबा, त्या कागदावर स्वभाव तूच लिहिलास ना, पेन्सिलीने? खोडरबर पण आहे घरात.

सुरुवातीला मजा वाटायची. मग आमच्या ग्रुपमधली एक जण (नोकरीने टेस्टर, खेळात क्लेरिक) हिच्या बाबतीत ते घडलं. ती अगदी नवीन, पहिलाच खेळ. लहानपणी आपण अशांना कच्चा लिंबू म्हणून सांभाळून घ्यायचो. तिने तीन शनिवार पैसे साठवून पन्नास सुवर्णमुद्रांचं औषध घेतलं, जखमा भरून काढणारं. त्याच रात्री ती झोपलेली असताना बंड्याने ते लांबवलं. गणित त्याच्या बाजूने होतं. त्याच्या हातचलाखीला अधिक सात, तिची जागरूकता तेरा, म्हणजे फाशावर सहा किंवा वर काहीही चालतं. शंभरातून पंचाहत्तर वेळा चोरी यशस्वी. पुढच्या लढाईत तिने "मी औषध पिते" म्हटलं आणि मला सांगावं लागलं की पिशवी रिकामी आहे. बंड्या खोखो हसला. बाकीचेही हसले. ती "इट्स ओके" म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिचं रिलीज होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी मामांकडे कार्यक्रम. मी तिच्याच प्रोजेक्टवर आहे हो, रिलीज कधी असतं ते मला माहीत असतं.

अशा वेळी अनुभवी खेळाडूंकडून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "गेममध्येच धडा शिकव." मी तेच केलं. शापित अंगठी ठेवली, जो चोरेल त्याच्या बोटात रुतून बसेल. बंड्याने अर्थातच चोरली. आणि साहेब काय खूष! पुढचे तीन तास त्याची अंगठी, त्याचं बोट, त्याचा शाप, तो उतरवायला कुठला मांत्रिक गाठायचा. उरलेले दोघं मोबाईल बघत बसले. त्या रात्री घरी येताना डोक्यात प्रकाश पडला की मी शिक्षा दिलीच नव्हती, आख्खा रंगमंच देऊन टाकला होता. बग होता एका मॉड्यूलमध्ये आणि मी पॅच मारत होतो दुसऱ्याच.

म्हणून माझं ठाम मत झालंय. माणसाचा प्रश्न माणसाशीच बोलायचा, खेळाच्या बाहेर, एकट्याला गाठून, फासे बाजूला ठेवून. चारचौघांत नाही, आणि ड्रॅगनच्या तोंडून तर मुळीच नाही. खरं तर हे बोलणं पहिल्या दिवशीच व्हायला हवं. त्याला 'सेशन झिरो' म्हणतात, कसं खेळायचं आणि काय चालणार नाही ते आधीच ठरवणं. २०२० सालच्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या अधिकृत पुस्तकातसुद्धा त्यावर लिहिलंय. मी उत्साहाच्या भरात ते गाळलं. (रिक्वायरमेंट न घेता कोडिंग. ऑफिसात याच कारणावरून मी इतरांना बोलतो.)

मंगळवारी बंड्याला चहाला बोलावलं. सगळं सांगितलं, औषधाचं, रिलीजचं. तो म्हणाला, "परत देतो ना औषध." मी म्हटलं, औषधाचं नाहीये रे. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू आधी का नाही बोललास? तू तर हसत होतास."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच हसत होतो मी. फ्लॅट त्याचा, पुस्तकं त्याची, आणि कॉलेजची चार वर्षं एकाच रूमवर काढलेली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. शिवाय आमच्यासारख्यांचा एक हळवा समज असतो की शाळेत आपल्याला कोणी खेळायला घेत नव्हतं, तर आपण कोणालाच बाहेर काढायचं नाही. 'फाइव्ह गीक सोशल फॅलसीज' नावाच्या २००३ सालच्या लेखात हा समज पहिल्या क्रमांकावर आहे. पण एकाला काढायचं नाही म्हणून मी दुसरीला न बोलता काढतच होतो की.

चहा संपल्यावर मी एकच नियम सांगितला. दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचं काही घ्यायचं असेल तर आधी त्या खेळाडूला विचारायचं. पात्राला नाही, खेळाडूला. तो "बघू" म्हणाला आणि हेल्मेट उचलून गेला. चहाचे पैसेही त्यानेच दिले, नेहमीसारखे.

क्लेरिकला फोन करून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, येईन, पण त्याच्या घरी नको. त्यामुळे आज खेळ माझ्या वन आरकेवर. खुर्च्या तीनच आहेत, दोघांना गादीवर बसावं लागेल. बंड्याला सकाळी पत्ता पाठवलाय (त्याला पाठ आहे, तरी पाठवला). दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. पुस्तकं त्याच्याकडेच आहेत, पण नियम मला बऱ्यापैकी तोंडपाठ आहेत. पोहे पाच जणांचे भिजवतोय.