‘गाडीचं ड्रायव्हर बघेल’

मैत्रिणींनो, हा लेख रेडिएटरबद्दल आहे. आपल्या अंकात रेडिएटर कशाला, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून आधी त्या रात्रीचं सांगते.

मे महिना होता. चिपळूणच्या बाजूच्या एका गावातून निरोप आला की एका बाईला मारहाण करून घराबाहेर काढलंय. पदरात चार वर्षांची मुलगी. तिला कराडला बहिणीकडे पोचवायचं होतं. आमच्या गटाची गाडी म्हणजे २००७ सालची सुमो. आरटीओत पुन्हा नोंदणी करून घेतलेली, तीन संस्थांच्या हातून आमच्याकडे आलेली. आमचा ड्रायव्हर लग्नाला गावी गेला होता. पण आमची एक तरुण कार्यकर्ती गाडी चालवते, तिच्याकडे परवाना आहे, याचा आम्हाला केवढा अभिमान! आम्ही दोघी गेलो, मायलेकींना घेतलं आणि रात्री अकराच्या सुमाराला कुंभार्लीचा घाट चढायला लागलो.

पोफळी मागे पडली आणि गाडीतून गोडसर वास यायला लागला. काटा लाल पट्टीकडे सरकत होता. तो आम्हा दोघींनाही दिसत होता. त्याचा अर्थ काय, तो किती सरकला म्हणजे थांबायचं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्याची माणसं मोटरसायकलवरून मागे येतील ही भीती होती, म्हणून आणखी थोडं पुढे, आणखी थोडं पुढे असं करत राहिलो. शेवटी बोनेटमधून वाफ निघाली आणि एका वळणावर गाडी उभी करावी लागली. फोनला रेंज नाही. मी खाली उतरले, बोनेट उघडलं, ओढणीचा बोळा करून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

“ताई, ते उघडू नका!” मागून ती बाई ओरडली. तिचा नवरा चिऱ्याच्या खाणीवर ट्रकवर होता. तिथे एका क्लीनर पोराने असंच झाकण उघडलं होतं आणि त्याचं तोंड भाजलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनेच आम्हाला थांबवलं, इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास बसायला लावलं, मग हात लावून बघून, झाकण थोडं सैल करून, वाफ जाऊ देऊन पाणी घालायला सांगितलं. आमच्या दोन बाटल्या आणि तिच्या मुलीची एक. पुढे दोनदा थांबत, हेळवाकच्या एका टपरीवर पाणी मागत आम्ही पहाटे कराडला पोचलो.

जिला आम्ही सोडवायला गेलो होतो तिने त्या रात्री आम्हाला सोडवलं. हे मी सभांमधून कौतुकाने सांगते तेव्हा टाळ्या पडतात. पण नंतर मला त्याची लाज वाटायला लागली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात संरक्षणाचा आदेश कुठल्या कलमाखाली आणि राहत्या घराचा कुठल्या, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण ज्या गाडीच्या भरवशावर आम्ही एका बाईला मध्यरात्री उंबरा ओलांडायला सांगितलं, त्या गाडीबद्दल आम्हाला काहीही माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं म्हणजे काय, आम्हाला ते सांगितलं गेलं होतं. “गाडी पाणी खातेय, ताई,” असं आमचा ड्रायव्हर दोन महिने म्हणत होता. एकदा बैठकीच्या दारात येऊन म्हणाला, तेव्हा मीच त्याला “बघ ना तू ते” असं म्हणून परत पाठवलं होतं. तो बिचारा रोज सकाळी आमच्या बोअरचं पाणी ओतत होता. एकदा त्याने रेडिएटरमध्ये हळदही घातली. ड्रायव्हर लोकांचा हा जुना उपाय आहे. हळद फुगून भोकाला बसते, गळती काही दिवस थांबते. पण तीच हळद चांगल्या नळ्यांतही जाऊन बसते. दुकानात मिळणारी गळती बंद करायची पावडरसुद्धा तेच करते. त्यात आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला बसतो तसा पांढरा थर आतून बसत गेला होता. सोळा-सतरा वर्षांच्या गाडीचा यात दोष नव्हता. दोष आमच्या न बघण्याचा होता.

आता पुढची गोष्ट. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी नेली. मालकाने बोनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, “हेड गेलंय, इंजिन उतरवावं लागेल.” आकडा ऐकून आमच्या खजिनदार बाईंनी खुर्ची धरली. हेड म्हणजे काय, ते गेलंय हे कशावरून, असं विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. पोलीस ठाण्यात “आधी स्टेशन डायरी दाखवा” म्हणणाऱ्या आम्ही तिथे मान खाली घालून उभ्या होतो.

आम्हाला वाचवलं ते बाजारपेठेमागच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढून आम्हाला दाखवली. ऑइल दुधट झालं असतं तर पाणी त्यात गेलंय, म्हणजे हेड गॅस्केट फुटलं असा संशय घ्यायचा. ऑइल काळंच होतं. मग गार इंजिनाचं झाकण काढून, पाणी भरून, गाडी चालू केली. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, धुराड्यातून पांढरा धूर निघत राहिला, तर काळजी. तेही नव्हतं. “ताई, तुम्ही वेळेवर थांबलात. नुसता रेडिएटर बदला.” वेळेवर कुणी थांबवलं, ते मी त्यांना सांगितलं.

रेडिएटर बदलताना आम्ही पाच जणी तिथे थांबलो. चाचांनी ‘शिकायचंय’ म्हटल्यावर थोडं हसून घेतलं, मग हातात पाना दिला. जे पाहिलं ते थोडक्यात लिहिते, कारण हे काही गूढ शास्त्र नाही.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण काढायचं, खालचा नळ सोडून पाणी घमेल्यात घ्यायचं. त्यात कूलंट असेल तर ते गटारात ओतायचं नाही. ते विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आमच्या नाकाला घाटात जो गोड वास आला तो त्याचाच. कधीकाळी कुणीतरी ते घातलेलं होतं. मग वरचा आणि खालचा रबरी पाइप काढायचा. जुने पाइप चिकटून बसतात, ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले तर रेडिएटरचं तोंड वाकतं. हाताने पिळून सोडवायचे. पंख्याभोवतीचं आवरण सोडवायचं, बोल्ट गंजले असतील तर थोडं तेल सोडून थांबायचं. रेडिएटर सरळ वर उचलायचा.

आमचा तांब्या-पितळेचा होता, आधी तीन ठिकाणी डाग दिलेला. जाळीला बोट लावलं तर भुगा खाली पडत होता. आणखी डाग देऊन उपयोग नव्हता. नवा शेजारी ठेवून आधी मापं जुळवायची: पाइपांची तोंडं, बोल्टची भोकं, उंची. नवा रेडिएटर घालताना जुनेच पाइप आणि क्लिपा घालणं ही खोटी काटकसर. थर्मोस्टॅट आणि झाकणही बदलावं. इंजिन साध्या पाण्याने धुऊन काढायचं, मग कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी निम्मं निम्मं भरायचं. झाकण उघडं ठेवून गाडी चालू ठेवायची म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, पातळी खाली येते, पुन्हा भरायचं. वरचा पाइप गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजायचं. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा पातळी बघायची. या सगळ्याला अर्धा दिवस लागला.

आणि एक गोष्ट. जुना रेडिएटर आपला असतो. तांब्याला भंगारात वजनावर पैसे मिळतात. तो मागून घ्या.

झाकणाचं सांगताना चाचा अडले, कसं समजवावं म्हणून. आमच्यातली एक म्हणाली, “म्हणजे कुकर!” अगदी तेच. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की त्याच क्षणी वाफ. शिट्टी पडल्याशिवाय कुकर उघडायचा नाही, रबर गेलं तर वाफ धरत नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकीला कळतं. म्हणजे ज्ञान होतं. ते बोनेटखाली लागू पडतं असं आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. यंत्र स्वयंपाकघरात असलं की त्याला ‘कामाचं भांडं’ म्हणतात, बाहेर असलं की ‘तंत्रज्ञान’. बाईला शिलाई मशीन देणाऱ्या योजना निघतात, पाना देणाऱ्या किती निघाल्या?

एसटीची पहिली गाडी १९४८ साली पुणे–नगर मार्गावर धावली. एसटीच्या चालकाच्या जागेवर बाई बसायला २०२३ साल उजाडावं लागलं. आमच्या जिल्ह्यातल्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनात शिकल्या, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेल्वेचं इंजिन चालवायला लागल्या आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. त्यांचे सत्कार आपण केले. पण त्या काय शिकल्या, ते आपल्याला शिकावंसं वाटलं का? उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्याच्या कामातून खेड्यातल्या गरीब बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाण्यासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढी साधी गरज त्यामागे होती. आपलीही गरज तेवढीच साधी आहे.

यावर गटात वाद झाला, तो झाकून ठेवत नाही. एक म्हणाली, “सगळंच आपण करायचं का? आधीच घरचं, चळवळीचं, आता गाडीचंही?” तिचं म्हणणं खोटं नाही. प्रत्येकीने मेकॅनिक व्हावं असं मीही म्हणत नाही. आपण सगळ्या वकील झालो नाही, पण वकिलाला प्रश्न विचारायला शिकलो ना? तेवढं इथे हवं. दुसरी म्हणाली, “गॅरेजवाल्या पुरुषांना चोर ठरवू नका.” तेही बरोबर. चाचांच्या हातावरची जुनी भाजल्याची खूण पाहिली; त्यांच्याकडे काम करणारा मुलगा सोळा-सतराचा, शाळा सुटलेला. हे कष्टकरी लोक आहेत. त्यांच्या कामाचा मान ठेवायचा तर ते काम समजून घ्यायला हवं. “बघ ना तू ते” असं म्हणून मी आमच्या ड्रायव्हरला परत पाठवलं, तेव्हा त्याच्या ज्ञानाचाही अपमानच केला होता. ही श्रमविभागणी दोन्ही बाजूंनी पाळली जाते. आपण तिच्या फक्त बळी आहोत असं नाही.

पैशाचंही बोलायला हवं. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाला पैसे असतात, अहवाल छापायला असतात. दुरुस्तीचं नाव काढलं की ‘किरकोळ’. पण बाई घराबाहेर पडते ती अहवालात बसून नाही. देणगीदारांपुढे ‘गाडीची देखभाल’ हे शीर्षक आपण अजिजीने नाही, हक्काने मांडलं पाहिजे.

आम्ही आता एवढं करतो. दर सोमवारी सकाळी, गार इंजिनावर, पाळीने एक जण पाणी आणि ऑइल बघते आणि वहीत लिहिते. त्या वहीवर ड्रायव्हरही लिहितो आणि ती वही बैठकीत वाचली जाते. बोअरचं पाणी बंद. जी कुणी रात्रीची गाडी नेईल तिला काटा कुठे आला की थांबायचं ते माहीत असलं पाहिजे. गाडीत पाण्याचे दोन कॅन कायम असतात.

पुढच्या शिबिरात एक दुपार आम्ही या कामाला ठेवली आहे. चाचा येणार आहेत. घाटात आम्हाला थांबवणारी ती बाई आता कराडलाच राहते, पोटगीचा दावा चालू आहे. तिलाही बोलावलंय. झाकण कसं उघडायचं ते तीच सांगणार आहे.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर येताना ती घेऊन या. आणि निघण्याआधी, गार असताना, बोनेट उघडून बघून या.